कॅमेऱ्याची मान

ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या ताब्यात असतो. टॉर्च, स्वेटर, पाण्याची बाटली, चिवड्याची पुडी, जादा बॅटऱ्या, एकेक वस्तू त्यावर चढते, तिचे ग्रॅम वहीत मांडले जातात, आणि जड ठरेल ती वस्तू घरी राहते. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी लागू केलेला हा कायदा आहे. सौ.चे म्हणणे निराळे. "पिशवीतून दोनशे ग्रॅम काढण्यापेक्षा पोटावरून दोन किलो काढा की!" असे त्या म्हणतात, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

गेल्या वर्षी या काट्यानेच माझा घात केला. त्याचे असे झाले.

माझा एक मित्र आहे. तीस वर्षे आम्ही बरोबर गड चढलो. दोन वर्षांपूर्वी तो जिन्यावरून पडला, खुबा मोडला आणि गड संपले. एके दिवशी तो म्हणाला, "अरे, हरिश्चंद्रगडावर देवळामागे आपण आडवे पडून तारे बघायचो ना, तेवढा एक फोटो काढून आण. शिखरावर ध्रुव आणि भोवती फिरलेले तारे. पलंगासमोर लावतो." असे फोटो पुष्कळांनी काढलेले आहेत. त्याला माझ्या हातचा हवा होता.

आता हा फोटो कसा काढतात ते सांगितले पाहिजे. आकाश तासाला पंधरा अंश फिरते. कॅमेरा ध्रुवाकडे रोखून ट्रायपॉडवर पक्का बसवायचा आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहायचे. तासाभरात एकशे वीस होतात. घरी आल्यावर ते संगणकात एकावर एक बसवले की प्रत्येक ताऱ्याची एक रेघ होते, आणि या साऱ्या रेघा ध्रुवाभोवती कमानीसारख्या उमटतात. अट एकच. तासभर कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

ट्रायपॉडचे पाय माझ्याजवळ चांगले होते. जड होती ती मान. तीन पाय आणि कॅमेरा यांच्यामध्ये जो भाग असतो त्याला मी मान म्हणतो. दुकानात त्याला हेड म्हणतात, आणि त्यातला सुटसुटीत प्रकार म्हणजे बॉलहेड. वाटीत धातूचा गोळा, गोळ्यातून वर निघालेली दांडी आणि दांडीवर कॅमेरा धरणारा चिमटा. बाजूची फिरकी सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळली की वाटी गोळ्याला पकडून ठेवते. खुब्याचा सांधा असतो, अगदी तसाच.

माझी जुनी मान काट्यावर सहाशे ग्रॅम भरली. भाच्याला सांगताच त्याने दोन दिवसांत एक नवी आणून दिली. "मामा, बघा तरी! अवघे एकशे वीस ग्रॅम! आणि खोक्यावर लिहिलंय, पाच किलो पेलते." माझा कॅमेरा भिंगासकट दीड किलोचा. पाचात दीड तीनदा जातो. मी खूष झालो.

कार्तिकी अमावास्येला आम्ही पाचनईच्या वाटेने गड चढलो. ही वाट त्यातल्या त्यात सोपी. नऊच्या सुमारास देवळाच्या दक्षिणेला ट्रायपॉड मांडला. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर असतो, म्हणून शिखर आणि वरचे भरपूर आकाश दोन्ही मावावे यासाठी कॅमेरा उभा केला, तोंड वर केले, फिरकी आवळली आणि कानटोपी घालून बाजूला बसलो. थंडी अशी, की बोटे आपली आहेत की दुसऱ्याची तेही कळेना.

घरी येऊन फोटो एकावर एक बसवले. देवळाला दोन कळस! ताऱ्यांच्या रेघा शेवयांसारख्या वळलेल्या. कॅमेरा तासभर हळूहळू मान खाली घालत होता, आणि मी शेजारीच बसून तारे मोजत होतो.

मित्र कारखान्यात टर्नर होता. लेथवर उभ्या आयुष्यात त्याने किती लोखंड कापले असेल देव जाणे. त्याने ती मान हातात घेतली, गोळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आधी चोर नक्की कर. गोळा फिरला की प्लेटवर कॅमेरा फिरला?" हे मला सुचले नव्हते. कॅमेऱ्याच्या बुडाला जी प्लेट लागते ती एकाच स्क्रूवर असते. कॅमेरा उभा केला की पुढचे जड भिंग त्याला त्या स्क्रूभोवती खाली ओढते, आणि मग बिचाऱ्या मानेला उगाच शिव्या बसतात. आम्ही प्लेट आणि कॅमेरा यांवर मिळून पेन्सिलीची एक रेघ मारली, पुन्हा तसेच बसवले आणि तासभर थांबलो. रेघ जुळलेली राहिली. चोर गोळाच होता.

"मग पाच किलो कसे लिहिले?" मी विचारले.

"भरलेली बादली अंगाशी धरून चाल, मैलभर जाशील. तीच हात लांब करून धर, मग सांग."

सगळे मर्म यातच आहे. कॅमेरा सरळ गोळ्याच्या डोक्यावर असेल तर वजन खाली पायांत उतरते, गोळ्याला फारसे काम नसते. पण तोच दीड किलो दहा सेंटिमीटर बाजूला लोंबकळू लागला, तर गोळ्याला पंधरा किलो-सेंटिमीटरचा पीळ रोखावा लागतो. वीस सेंटिमीटरवर गेला की तीस. नुसत्या किलोंच्या आकड्यात हे अंतर कोठेच नसते. शिवाय तो आकडा कसा मोजायचा याची सर्व कारखान्यांना बांधणारी एकच रीत नाही. तेव्हा खोक्यावरचे किलो वाचून मान घेणे म्हणजे पत्रिकेतले गुण मोजून जावई पसंत करण्यासारखेच!

पीळ रोखण्याची ताकद घर्षणातून येते, आणि गोळा जेवढा मोठा तेवढे ते घर्षण केंद्रापासून दूर काम करते. म्हणूनच वीस मिलिमीटरच्या गोळ्याला कितीही आवळा, तो पस्तीसच्या गोळ्याची बरोबरी करत नाही. वजन वाचवायचे तर गोळा बारीक करून वाचवू नये. तो आतून पोकळ असेल तर हरकत नाही.

यावेळी मी दुकानात कॅमेरा, सगळ्यात जड भिंग आणि ट्रायपॉड घेऊन गेलो. दुकानदार जरा वैतागला, पण बसू दिले. मान बसवायची, कॅमेरा तिरका करायचा, समोरच्या पाटीवरचे एखादे अक्षर पडद्यावर दहापट मोठे करून मधोमध आणायचे, फिरकी आवळायची आणि हात सोडायचा. अक्षर तत्क्षणी खाली-वर सरकले तर ती मान बाजूला ठेवायची. जागेवर राहिले तर पाच-दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा बघायचे. तोवर चहा होतो. चार मानांपैकी दोन हात सोडताच सरकल्या. एक चहा संपेपर्यंत टिकली आणि मग सरकली. चौथी मी घेतली.

ती काट्यावर तीनशे नव्वद ग्रॅम भरली. गोळा छत्तीस मिलिमीटरचा. तिला तीन फिरक्या आहेत. एक गोळ्याची, एक नुसते गोल फिरण्याची, आणि तिसरी घर्षण ठरवून ठेवण्याची. हलक्या मानांत ही तिसरी पहिल्यांदा गळते, आणि मला वाटते तिथेच काटकसर करू नये. मुख्य फिरकी सैल करताच जड भिंग धाडकन खाली आपटते आणि मध्ये बोट सापडते, ते या तिसरीमुळे टळते. मानेवरचा पाण्याचा बुडबुडा मात्र खुशाल सोडा. हल्ली कॅमेरा स्वतःच पडद्यावर पातळी दाखवतो.

चिमट्याचे एक सांगून ठेवतो. हल्ली बहुतेक माना आर्का-स्विस पद्धतीच्या, दोन्ही कडा उतरत्या असलेल्या प्लेटच्या असतात. पण एका कंपनीची प्लेट दुसरीपेक्षा किंचित रुंद वा अरुंद निघते. झटक्यात बंद होणारा खटका अशा प्लेटला एक तर घट्ट होतो, नाही तर सैल राहतो. स्क्रूचा चिमटा तिच्यापुरता आवळता येतो. मी स्क्रूचा घेतला. प्लेटही कडेला ओठ असलेली घेतली, म्हणजे कॅमेरा तिच्यावर फिरत नाही. आणि ज्यांच्या ट्रायपॉडचे पाय उलटे वर दुमडतात त्यांनी मान त्या पायांमध्ये मावते की नाही हे दुकानातच पाहावे. माझ्या एका शेजाऱ्याची मावली नाही. तो दर खेपेला ती काढून खिशात घालतो. बुडाचा आटाही जुळवून घ्या. मोठा पाऊण सेंटिमीटरहून जाड, तीन-अष्टमांश इंची असतो, लहान पाव इंची.

गोळ्याला तेल मात्र कधीही लावू नका. मी एकदा शिवणयंत्राचे लावले होते. पुढचे सांगत नाही. कोरड्या फडक्याने पुसणे पुरते, आणि समुद्रकाठी गेल्यास वाळू आधी झटकून मगच फिरकी फिरवावी.

दोन कळसांचा फोटो मित्राने समोरच्या भिंतीवर लावून घेतला आहे. "तात्पुरता," असे तो सांगतो. नवी मान त्याला दाखवायला नेली तर त्याने ट्रायपॉड पलंगाजवळ मांडायला लावला, कॅमेरा उभा करवला आणि त्या खोट्या कळसाच्या टोकावर नेम धरला. घड्याळ लावून एक तास आम्ही बसलो. त्याच्या सूनबाईंनी दोनदा चहा दिला. तास भरल्यावर त्याने चष्मा पुसून पडद्यात डोळा घातला. बराच वेळ काही बोलला नाही.

"हलला नाही," तो म्हणाला. "जा घेऊन. आणि या वेळी दोन कानटोप्या ने."