देणारा गेल्यावर

देवळाच्या पावतीपुस्तकावर, शाळेच्या फाटकावर, वाचनालयाच्या लेटरहेडवर 'नोंदणी क्र.' असं लिहून पुढे एखादं अक्षर आणि आकडा छापलेला असतो. वर्गणी देणारा तो क्वचितच वाचतो. पण दाता गेल्यावर त्याच्या दानाची राखण करणारं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय त्याच आकड्यावरून ट्रस्ट ओळखतं.

हे कार्यालय 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातून उभं राहिलं. पुढे कायद्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं. 1950 च्या आधी हिंदू, मुस्लिम, पारशी दानधर्मांना वेगवेगळे कायदे होते.

इथला महत्त्वाचा कागद म्हणजे 'परिशिष्ट एक', ट्रस्टचा सातबाराच म्हणा ना. विश्वस्त कोण, पुढचे कसे नेमायचे, मिळकत किती, सारं त्यात. काही बदललं की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत 'चेंज रिपोर्ट' द्यायचा. कमिटीत फूट पडली की दोन्ही गट आपापला रिपोर्ट घेऊन हजर होतात आणि तारखा सुरू होतात. मग निकाल लागेपर्यंत वारलेले विश्वस्तही कागदावर कारभार बघत राहतात!

विश्वस्त कारभारी असतो, मालक नव्हे. म्हणून कलम 36 नुसार ट्रस्टची जमीन विकायला आधी आयुक्तांची मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा बिनशेती जागा, इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तरीही तेच. धर्मादाय रुग्णालयांनाही 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

पण मूळ हेतूच कालबाह्य झाला तर? समजा, कुणी प्लेगच्या रोग्यांसाठी पैसा ठेवला होता आणि आता गावात प्लेगच नाही. अशा वेळी कलम 55 प्रमाणे प्रकरण न्यायालयात जातं आणि मूळ हेतूला शक्य तितकं जवळचं काम शोधलं जातं. मात्र हेतू अजून पुरा होण्याजोगा असेल, तर धार्मिक दानाचा पैसा दुसरं काम अधिक उपयोगी वाटतं म्हणून तिकडे वळवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये रतिलाल गांधी खटल्यात बजावलं. देवाच्या दिव्यासाठी ठेवलेल्या पैशातून गावचा रस्ता होत नाही, तो कितीही गरजेचा असला तरी.