सार्वजनिक आरोग्य संशोधनातील कर्तृत्वाचे मोजमाप : डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या कार्याचे टप्पे

प्रस्तावना

संशोधकाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन सामान्यतः त्याने भूषविलेली पदे, प्रकाशित केलेले शोधनिबंध, त्या निबंधांचा इतरांनी केलेला उल्लेख आणि मिळालेले पुरस्कार यांच्या आधारे केले जाते. बहुतेक ज्ञानशाखांत हे निकष पुरेसे ठरतात. सार्वजनिक आरोग्य ही ज्ञानशाखा मात्र याबाबतीत वेगळी आहे. येथे अभ्यासाचा विषय लोकसमूह हाच असतो. ज्या गावातील मृत्यू मोजून निष्कर्ष काढला, त्या गावातील मृत्यू त्या निष्कर्षामुळे कमी झाले की नाही, हा प्रश्न निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरही शिल्लक राहतो. म्हणून या क्षेत्रातील संशोधकाच्या कारकिर्दीचे टप्पे ठरविताना निबंधाच्या प्रकाशनाबरोबरच त्यापूर्वीचा आणि त्यानंतरचा प्रवासही विचारात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात गडचिरोली येथील डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग या दांपत्याच्या संशोधनकार्याच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

जडणघडण आणि कार्यक्षेत्राची निवड

डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा व सेवाग्रामच्या परिसरात गेले. त्यांचे वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे अध्यापक व गांधीवादी कार्यकर्ते होते. नई तालीमच्या शाळेतील शिक्षणाचा संस्कार डॉ. अभय बंग यांच्या पुढील कार्यावर स्पष्टपणे दिसतो. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूर येथील वैद्यकीय शिक्षणानंतर डॉ. अभय बंग यांनी औषधवैद्यकशास्त्रात, तर डॉ. राणी बंग यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी प्राप्त केली. रुग्णालयात बसून उपचार केल्याने समाजाचे आरोग्य बदलत नाही आणि संशोधनाशिवाय केलेली सेवा अपुरी राहते, या जाणिवेतून दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९८४ मध्ये हे शिक्षण पूर्ण करून ते भारतात परतले.

कार्यक्षेत्र म्हणून त्यांनी गडचिरोली जिल्ह्याची निवड केली. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये हा जिल्हा अस्तित्वात आला होता. विस्तीर्ण जंगल, आदिवासी लोकवस्ती, दळणवळणाची तुटपुंजी साधने आणि आरोग्यसेवेचा अभाव ही त्याची तत्कालीन वैशिष्ट्ये होती. १९८६ मध्ये तेथे ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ म्हणजेच ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू झाले. तेंदूपाने साठविण्याचे एक गोदाम हे संस्थेचे पहिले संशोधन केंद्र होते. जेथे आरोग्याचे प्रश्न आहेत तेथेच संशोधन व्हावे, ही भूमिका या निवडीतून व्यक्त झाली.

आरंभीच्या काळात या दांपत्याने परिसरातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. वैज्ञानिकदृष्ट्या हा अभ्यास महत्त्वाचा होता, परंतु लोकांना तो आपला निकडीचा प्रश्न वाटत नव्हता. या अनुभवातून एक धडा मिळाला. संशोधनाचा विषय संशोधकाच्या कुतूहलाने ठरत असेल, तर ते संशोधन लोकांवर केलेले ठरते. लोकांच्या गरजेने ठरत असेल, तर ते लोकांसाठी व लोकांसह केलेले ठरते. रुग्णालयाच्या उभारणीतही हेच तत्त्व पाळले गेले. मोठ्या इमारतीची आदिवासींना वाटणारी भीती लक्षात घेऊन शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी वस्तीच्या धर्तीवर बांधण्यात आला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

पहिला टप्पा : अदृश्य रोगांची नोंद

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी या विषयावरील माहिती प्रामुख्याने रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांवरून घेतली जात असे. ज्या स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्या आजारांची नोंद अशा पद्धतीत होऊ शकत नाही. गडचिरोलीतील अभ्यासात वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. प्रत्येक स्त्रीमागे रोगांची सरासरी संख्या ३.६ होती. पूर्वी अशी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांना लाभले होते.

या निबंधातील आणखी एक निरीक्षण विशेष अर्थपूर्ण आहे. तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांनी कोणतीही तक्रार सांगितलेली नव्हती. तक्रार नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा शासकीय विचार कुटुंबनियोजन व बाळंतपण यांपुरता सीमित होता. १९९४ मध्ये कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रजनन आरोग्याची व्यापक संकल्पना स्वीकारली गेली. या विचाराला आधार देणाऱ्या अभ्यासांमध्ये गडचिरोलीच्या अभ्यासाचा उल्लेख आवर्जून केला जातो.

दुसरा टप्पा : न्यूमोनियावर गावातच उपचार

बालमृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले. प्रतिजैविक औषध उपलब्ध होते आणि ते स्वस्तही होते. अडचण निदानाची होती, कारण डॉक्टर व क्ष-किरण यंत्र या दोन्ही गोष्टी गावापासून दूर होत्या. बालकाच्या श्वासाची गती मोजून न्यूमोनियाचे निदान करता येते, या ज्ञात तत्त्वाचा येथे उपयोग करण्यात आला. तथापि गावातील अनेक सुईणींना आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा आणि एका मिनिटाची वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा, अशी त्याची रचना होती.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराची सोय असलेल्या ५८ गावांची तुलना तशी सोय नसलेल्या ४४ गावांशी करण्यात आली. ज्या बालकांना गावातील कार्यकर्त्यांकडून उपचार मिळाले, त्यांच्यात न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील बालकांचा एकूण मृत्युदरही प्रयोगाच्या गावांत दर हजारी २८.५ आणि तुलनेच्या गावांत ४०.७ असा आढळला. अल्पशिक्षित किंवा निरक्षर व्यक्तीला योग्य प्रशिक्षण व योग्य साधन दिल्यास ती जीव वाचवू शकते, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

तिसरा टप्पा : नवजात बालकाची घरोघरी सेवा

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यानंतर उरलेल्या बालमृत्यूंमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. नवजात बालकाचा आजार हा रुग्णालयातच हाताळण्याचा विषय आहे, असे वैद्यकशास्त्र मानत होते. प्रत्यक्षात गडचिरोलीतील बाळे घरीच जन्मत होती, घरीच आजारी पडत होती आणि घरीच दगावत होती. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी जवळपास निम्म्या बालकांना जोखमीचे आजार झाल्याचे आढळले, तर वैद्यकीय मदत फारच थोड्यांपर्यंत पोहोचली होती.

यानंतर ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून स्थानिक स्त्रियांची निवड करण्यात आली. बाळाचे वजन व तापमान घेणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे यांचे प्रशिक्षण त्यांना देण्यात आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे कामही त्यांच्याकडे सोपविण्यात आले. ४७ गावे तुलनेसाठी होती.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत खाली आला. त्याच काळात तुलनेच्या गावांतील दर ५८ च्या आसपास होता तो ५९.६ झाला. दोन्ही गटांतील बदल एकत्र विचारात घेता ही घट सुमारे ६२ टक्के ठरते. तुलनेच्या गावांचे महत्त्व येथे स्पष्ट होते. रस्ते, शिक्षण वा उत्पन्न यांतील सुधारणेमुळे मृत्यू घटले असते, तर ती घट दोन्ही गटांत दिसली असती. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. एका नवजात बालकामागे येणारा खर्च ५.३ अमेरिकी डॉलर इतकाच होता.

आक्षेप आणि पडताळणी

या संशोधनावर आक्षेपही घेतले गेले. डॉक्टर नसलेल्या स्त्रीने नवजात बालकाला इंजेक्शन देणे सुरक्षित आहे काय, हा पहिला आक्षेप होता. दुसरा आक्षेप पद्धतीविषयी होता. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. एका ध्येयनिष्ठ संस्थेच्या बारीक देखरेखीखाली मिळालेले यश अन्यत्र मिळेल काय, हा तिसरा व सर्वांत व्यावहारिक प्रश्न होता. हे आक्षेप गैरलागू म्हणता येत नाहीत, आणि त्यांचे उत्तर युक्तिवादाने नव्हे तर पुनःप्रयोगानेच देता येते.

असे प्रयोग पुढे झाले. ‘अंकुर’ या प्रकल्पात महाराष्ट्रातील सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी ही पद्धत राबविली. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट येथील यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील सेवांचे स्वरूप गडचिरोलीपेक्षा काहीसे भिन्न असले, तरी घरोघरी दिलेल्या नवजात सेवेमुळे मृत्यू घटतात या मूळ प्रतिपादनाला दोन्हीकडे पुष्टी मिळाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

चौथा टप्पा : ज्ञानाचे धोरणात रूपांतर

भारत शासनाने २०११ मध्ये गृहाधारित नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘आशा’ कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा व घरी जन्मलेल्या बाळाकडे सात भेटी द्याव्यात, अशी तरतूद त्यात करण्यात आली. गडचिरोलीच्या ३९ गावांतील पद्धत अशा रीतीने देशभराच्या कार्यक्रमाचा भाग झाली. मात्र आरोग्यदूतांनी दिलेल्या इंजेक्शनचा घटक ‘आशा’च्या कामात समाविष्ट झाला नाही. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा परिचारिकेला दिली.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा नवजात मृत्युदर २०११ मध्ये दर हजारी ३१ होता, तो २०२० मध्ये २० झाला. या घटीचे श्रेय केवळ एका कार्यक्रमाला देणे शास्त्रीय ठरणार नाही. रुग्णालयातील प्रसूतींत झालेली वाढ व नवजात उपचार कक्षांची उभारणी यांचाही त्यात वाटा आहे. तथापि १९९९ मधील पुरावा आणि २०११ मधील धोरण यांत बारा वर्षांचे अंतर पडले, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. पुरावा तपासून घेण्यासाठी काही काळ आवश्यकच असतो. परंतु पुराव्याची वाट पाहण्याचा काळ आणि निर्णय लांबविण्याचा काळ यांतील भेद ओळखणे हे शासनाचे व संशोधकांचेही कर्तव्य आहे, कारण दोन्ही काळांची किंमत नवजात बालकेच मोजत असतात.

सन्मान आणि त्यांचे स्थान

या कार्याची दखल अनेक स्तरांवर घेतली गेली. बंग दांपत्याला २००३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. २००५ मध्ये ‘टाइम’ या नियतकालिकाने त्यांचा जागतिक आरोग्य क्षेत्रातील कर्तृत्ववान व्यक्तींत समावेश केला. २०१८ मध्ये दोघांनाही पद्मश्री किताब मिळाला. त्याच वर्षी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आदिवासी आरोग्याविषयीचा अहवाल केंद्र शासनास सादर केला. २००६ पासून सुरू असलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमातून युवकांना सामाजिक प्रश्नांकडे वळविण्याचा प्रयत्नही होत आहे.

कालानुक्रम पाहता हे सन्मान प्रमुख निबंधांनंतर आलेले आहेत. ते कर्तृत्वाची नोंद करतात, कर्तृत्व घडवीत नाहीत. त्यामुळे केवळ पुरस्कारांची यादी वाचून या कारकिर्दीचे स्वरूप समजू शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून सार्वजनिक आरोग्य संशोधनातील कर्तृत्वाचे चार टप्पे सांगता येतात. लोकांच्या गरजेतून प्रश्न निवडणे हा पहिला, नोंद व तुलना यांच्या आधारे विश्वासार्ह उत्तर शोधणे हा दुसरा, ते उत्तर इतरांच्या पडताळणीस खुले करणे हा तिसरा आणि त्याचे धोरणात व व्यवहारात रूपांतर होईपर्यंत पाठपुरावा करणे हा चौथा टप्पा होय. विद्यापीठीय मूल्यमापनात दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याला गुण मिळतात. पहिल्या व चौथ्या टप्प्यासाठी बहुधा रकानाच नसतो. गडचिरोलीचे उदाहरण असे सुचविते की, मधल्या दोन टप्प्यांना अर्थ प्राप्त होतो तो या दोन टोकांमुळे. ज्या स्त्रियांनी मणी सरकवून श्वास मोजले आणि बाळांची वजने घेतली, त्यांच्या नोंदींवर हे निबंध उभे आहेत. म्हणून त्यांच्या गावांतील वाचलेली बालके हाच या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागतो.