पुणे–नाशिक रेल्वे : जुन्नर-आंबेगावची गाडी दुर्बिणीपाशी का अडली?

मंचर ते पुणे साधारण ६० किलोमीटर, नारायणगाव ते पुणे ७५. तरीही आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत आजवर रेल्वेचा रूळ पोहोचलेला नाही. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे तो आणणार होती. मात्र २०२५ च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत उत्तर दिले, की खोडदच्या 'जीएमआरटी' दुर्बिणीमुळे तो मार्ग शक्य नाही. आता नाशिक–शिर्डी–अहिल्यानगर–पुणे असा मार्ग पुढे आला आहे.

मूळ मार्ग कसा होता?

'महारेल'च्या आराखड्यात २३५ किलोमीटरचा मार्ग होता. ताशी २०० किलोमीटर वेगाने पावणेदोन तासांत नाशिक. वाटेत चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. सिन्नर तालुक्यात काही जमिनींची खरेदीखतेही झाली होती. आज पुण्याहून रेल्वेने नाशिकला जायचे तर कल्याण किंवा दौंड–मनमाडचा वळसा पडतो. म्हणून एसटी नाहीतर खासगी गाडी, आणि वाटेतली कोंडी ठरलेली.

दुर्बिणीला रेल्वेची अडचण काय?

जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ खोडदजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय' आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात. त्या अंतराळातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेवरची गाडी डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून वीज घेते. वेगात तारेचा संपर्क क्षणभर सुटला, की ठिणगी उडते. वीज कडाडली की जुन्या रेडिओवर खरखर यायची, तोच हा प्रकार.

'मोबाइल टॉवर चालतात, मग रेल्वे का नाही?' हा पारावरचा प्रश्न रास्त आहे. मोबाइलची फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, ती वगळून निरीक्षण करता येते. ठिणगीचा गोंगाट एकाच वेळी असंख्य फ्रिक्वेन्सींवर पसरतो, तो गाळणे फार अवघड.

मग तोडगा?

शास्त्रज्ञांचा आक्षेप खरा आहे. पण त्यातून 'इथून नको' एवढेच सिद्ध होते, 'थेट शिर्डीमार्गे न्या' हे नाही. दुर्बिणीसाठी या भागाने उद्योगांवरचे निर्बंधही सोसले आहेत. त्यामुळे 'मूळ मार्गच हवा' या घोषणेपेक्षा मोजमापाची मागणी अधिक वजनदार ठरेल : रूळ किती सरकवला, कुठे बोगदा घेतला, तर डिशपर्यंत किती गोंगाट पोहोचतो? डिश दूरवर विखुरलेल्या असल्याने एक-दोन किलोमीटरने भागणार नाही, हेही मान्य करावे लागेल.

नव्या प्रस्तावात पुणे–अहिल्यानगर मार्ग चाकणवरून जातो. म्हणजे मंचरकरांना स्टेशन सुमारे ३० किलोमीटरवर, आळेफाट्याला त्याच्या दुप्पट. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा भाजीपाला तोवर ट्रक-टेम्पोतूनच जाणार.