आधी कान, मग जीभ

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. कागदावर या दोन शब्दांत गल्लत होत नाही. फोनवर औषधाची मात्रा सांगताना मात्र होते. १५ मिलिग्रॅमच्या जागी ५० दिले गेले, तर ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच असा आकडा ऐकल्यावर 'वन फाइव्ह' असा सुटा करून परत म्हणून दाखवावा, असे आम्ही परिचारिकांना सांगतो.

ब्रिटनमध्ये नोकरीची तयारी करणाऱ्या अनेक परिचारिकांची तक्रार एकच असते : "डॉक्टर, लिहिलेलं कळतं, पण ते लोक बोलायला लागले की काहीच कळत नाही." हा दोष बुद्धीचा नाही, कानाच्या सवयीचा आहे.

ही सवय पाळण्यातच लागते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखता येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो येईना. घरात जो फरक लागत नाही, त्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. आपल्याकडे एकच 'व' असल्याने 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपल्याला सारखेच वाटतात, ते याच कारणाने.

दुसरी अडचण लयीची. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत शब्दातल्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग आक्रसतात. 'टर्न इट ऑफ' हे तीन शब्द कानावर 'टर्निटॉफ' असे पडतात. 'आय कॅन वॉक' मधला 'कॅन' जेमतेम 'कन' उरतो. उलट 'आय कान्ट वॉक' मधला शेवटचा 'ट' अनेकदा गिळला जातो. नकार ओळखायचा तो लांब, ठसठशीत 'का' वरून. रुग्णाला चालता येते की येत नाही, हे इतक्या बारीक फरकावर ठरते.

यात इंग्रजीचे काही जगावेगळे नाही. आपणही 'करत आहे' चे 'करतोय' आणि 'कुठे आहेस' चे 'कुठेयस' करतो. पुस्तकावरून मराठी शिकलेला परदेशी माणूस तिथे असाच गडबडतो.

दिलासा असा की, मोठेपणीही कान तयार होतो. जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येणे अवघड जाते. काही जपानी प्रौढांना संशोधकांनी कित्येक आठवडे, वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात, असे शब्द फक्त ओळखायला लावले. त्यांचे ऐकणे सुधारलेच, पण बोलण्याचा सराव न देताही उच्चार सुधारले. १९९७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तेव्हा सराव कानापासून सुरू करा. रोज दहा मिनिटे पुरेत. अर्ध्या मिनिटाचे संभाषण निवडा. मजकूर न पाहता तीनदा ऐका आणि ऐकू आले तसे लिहा. मग मूळ मजकुराशी ताडून पाहा. जे शब्द निसटले, तेच तुमचे खरे धडे. त्यानंतर बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच लयीत म्हणा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. दर आठवड्याला आवाज बदला : स्त्री, पुरुष, तरुण, म्हातारा.

गोऱ्या साहेबाची नक्कल करण्याची मात्र गरज नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या 'ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट'मध्येही बोलणे समोरच्याला सहज समजते का, हे पाहिले जाते. मराठी वळण राहिले तरी चालेल. आणि आकडा, औषधाचे नाव किंवा 'हो-नाही' याबद्दल तिळमात्र शंका आली, तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही. तो रुग्णसेवेचाच भाग आहे.