घरातला कॅमेरा कोण कोण पाहतं?

आपल्या देऊळगाव राजा भागात शेडनेटच्या राखणीला लावलेला कॅमेरा आता नवा राहिला नाही. तोच हळूहळू घरातही येऊ लागलाय. मुलगा पुण्याला नोकरीला, आई घरी एकटी. दिवाळीला येताना तो कॅमेरा आणतो आणि माजघरात लावून जातो. हेतू चांगलाच असतो. पण त्याच माजघरात आपण साडी बदलतो, बाळाला पाजतो, बचत गटाचे पैसे मोजतो.

हा कॅमेरा इंटरनेटवरून चित्र बाहेर पाठवतो. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला ते कुठूनही दिसतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाजही जातो, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना माहीतच नव्हतं!

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातच्या राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयाची गोष्ट उघडकीला आली. तिथे तपासणीला आलेल्या बायकांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात होतं. पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचेही तरुण होते. त्यांना रुग्णालयात पाऊल टाकायची गरजच पडली नाही, दूर बसून कॅमेऱ्यात शिरता आलं.

म्हणून कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. बसवणाऱ्या मुलाने टाकून दिलेला असेल, तर तो त्यालाही माहीत असतो. तो गेल्यावर पुन्हा बदला. जन्मसाल, मोबाईल नंबर नको. किती मोबाईल जोडलेत ते ॲपमध्ये दिसतं, तेही बघून घ्या. आणि कॅमेऱ्याचं तोंड ओसरीकडे, दाराकडे करा. चोर काही माजघरातून येत नाही. घरात माणसं असली की प्लग काढून ठेवला तरी चालतो.

कधी कधी मात्र पाहणारा घरचाच असतो. सून कुणाशी किती वेळ बोलते हे बघायला लावलेल्या कॅमेऱ्याला आम्ही राखण म्हणत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, आणि तो सुनेलाही आहे. बाई खासगी अवस्थेत असताना तिला चोरून पाहणं, चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते.

असा व्हिडिओ आपल्यापर्यंत आला, तर पुसू नका आणि पुढेही पाठवू नका. तो मोबाईल घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकटीने जायचा धीर होत नसेल तर गटातल्या दोघींना सोबत घ्या, किंवा आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.