नवी आवृत्ती आली, तुमच्या सेटिंगचं काय?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवर उभी आहे. समजा, वरवट बकालच्या एखाद्या शाळेतल्या संगणकावर ती आहे आणि शिक्षकांनी तिची सेटिंग गरजेप्रमाणे बदलली आहेत. नवी आवृत्ती बसवताना ती पुसली जातील का?

इथे डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणारा ‘डीपीकेजी’ हा प्रोग्राम कामाला येतो. सेटिंगची मूळ फाइल, संगणकावरची फाइल आणि नव्या आवृत्तीतली फाइल यांचे डिजिटल ठसे तो ताडून पाहतो. वापरणाऱ्याने काहीच बदललं नसेल, तर नवी फाइल गुपचूप बसते. बदल फक्त त्याचाच असेल, तर त्याची फाइल तशीच राहते. दोन्हीकडे बदल असतील तेव्हा मात्र काम थांबतं आणि प्रश्न येतो: ‘वाय’ दाबा, नवी घ्या; ‘एन’ दाबा, आपली ठेवा; ‘डी’ दाबा, फरक पाहा. नुसतं एंटर दाबलं तर आपलीच राहते. नाकारलेली फाइलही वेगळ्या नावाने जपली जाते.

डोळे मिटून ‘एन’ दाबणं धोक्याचं ठरू शकतं.

उदाहरणार्थ, दुरून संगणकात प्रवेश देणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ या सॉफ्टवेअरच्या ७.० आवृत्तीने २०१५ मध्ये मुख्य प्रशासकाला दुरून निव्वळ पासवर्डवर मिळणारा प्रवेश मूळ सेटिंगमध्येच बंद केला. जुन्या फाइलीत तो स्पष्टपणे चालू ठेवलेला असेल, तर नव्या आवृत्तीतही ते दार उघडंच राहतं. म्हणून आधी ‘डी’ दाबून फरक वाचावा आणि आपले बदल शक्यतो मूळ फाइलीत न करता वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवावेत.