पाठीवरचा भार आणि सोबतीची चाल

मालाड स्थानकापासून मार्वे रस्त्याने पश्चिमेकडे कूच करावे, नौदलाच्या रसद-शाखेचे शिक्षण देणारे ‘आयएनएस हमला’ हे ठाणे ओलांडावे, आणि आक्सा, एरंगळ हे किनारे मागे टाकीत मढच्या कोळीवाड्यापर्यंत व त्यापुढील, 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हस्तगत केलेल्या किल्ल्यापर्यंत जावे, म्हणजे या चिंचोळ्या भूभागात ओझे वाहण्याच्या विद्येची दोन जुनी घराणी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक फौजेचे, जेथे पाठीवरच्या बोजाला पिठ्ठू म्हणतात आणि तो बांधून चालणे हा कवायतीचाच भाग समजला जातो. दुसरे कोळणींचे, ज्यांची मासळीने भरलेली पाटी डोक्यावर चढविण्यास दुसऱ्या कोणालातरी हात लावावा लागतो; कारण जड ओझे एकट्याने वाहता येत असले तरी एकट्याने उचलता येत नाही.

पाठीवर वजन बांधून गटाने चालण्याचा जो व्यायाम अलीकडे शहरांतून ‘रकिंग’ या नावाने रूढ होऊ लागला आहे, त्याचे मूळ पहिल्या घराण्यात आहे. नेदरलंड्समध्ये 1909 साली सुरू झालेल्या व आता नायमेखन येथे भरणाऱ्या चार दिवसांच्या पदयात्रेत सैनिकी तुकड्या किमान 10 किलो वजन घेऊन रोज सुमारे 40 किलोमीटर चालतात. अमेरिकेत जेसन मॅकार्थी या विशेष दलातील माजी सैनिकाने 2008 मध्ये ‘गोरक’ ही कंपनी काढून हा प्रकार सामान्य नागरिकांपुढे मांडला, आणि त्यात एक मार्मिक तजवीज केली: प्रत्येकाच्या पाठीवर आपापला भार असतोच, पण शिवाय सबंध गटाला मिळून एखादा ओंडका किंवा तत्सम सामाईक बोजा वाहावा लागतो, आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कोणाचाच काढला जात नाही.

सामाईक काम म्हटले की माणसे आपोआप जोर लावतात, ही समजूत मात्र भाबडी आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांची शक्ती मोजली आणि 1913 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, माणसे वाढतात तसतसा दरडोई जोर घटत जातो. काही अंशी ताल जुळत नाही म्हणून, आणि पुढील संशोधकांनी सिद्ध केल्याप्रमाणे, काही अंशी प्रत्येकाचा थोडाथोडा आळस गर्दीत बेमालूम खपून जातो म्हणून. सरकारी कचेरीत किंवा सार्वजनिक उत्सवाच्या कार्यकारिणीत ज्याने चार दिवस काढले आहेत, त्याला या सिद्धांताचा पुरावा वेगळा नको.

याच्या नेमके उलट चित्र 1920 च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञास बर्लिनमधील एका नौकाविहार मंडळात दिसले. त्याने वल्हेकऱ्यांना प्रथम एकेकट्याने वजनाची दांडी थकेपर्यंत उचलावयास लावली. मग दोघांना मिळून दुप्पट व तिघांना मिळून तिप्पट वजनाची एकच दांडी दिली, जेणेकरून एकाने हात सोडला की सर्वांचाच डाव संपावा. या दुसऱ्या प्रकारात दुर्बळ गडी एकटा असताना टिकला होता त्याहून अधिक वेळ टिकला. आणि हा उत्कर्ष जोडीदारांच्या ताकदीत बेताचे अंतर होते तेथेच विशेषेकरून आढळला. अगदी बरोबरीच्या किंवा अगदीच विजोड जोडीत तो मंदावला. आपण सोडले तर इतरांचे काम अडेल, ही जाणीव थकलेल्या स्नायूंना उभारी देते. मात्र सोबत्याची बरोबरी मुळीच साधणार नाही असे दिसले की तीच जाणीव माणसाला खचवते.

पिठ्ठूची चाल क्योलरच्या वर्गात मोडते, पण एका अटीवर: गटाने गट म्हणून चालले पाहिजे. चपळ माणसे पुढे निघून गेली की उरते ती केवळ गर्दी. म्हणून सर्वांत मंद चालणाऱ्यास शेवटी न ठेवता पुढून दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी घ्यावे, शेपटाकडे अनुभवी माणूस नेमावा, आणि कोणाची दमछाक झाली तर त्याच्या सॅकमधील किलो-दोन किलो जिन्नस गाजावाजा न करता दुसऱ्यांच्या पाठीवर वाटून द्यावेत. ओरडून दिलेल्या उत्तेजनावर माझा फारसा विश्वास नाही. पन्नास पावले पुढे उभे राहून ‘चल, चल’ म्हणणे हा हुकूम झाला. शेजारून त्याच चालीने चालत दोन गोष्टी बोलणे हे उत्तेजन. सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळांना हा दस्तूर नवा नाही. तांदूळ, स्टोव्ह, दोर असे सामाईक सामान निघण्यापूर्वी सर्वांच्या सॅकमध्ये वाटण्याची त्यांची जुनी रीत आहे. मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’ची ‘सह्यांकन’ ही अनेक दिवसांची मोहीम किंवा मुलुंडमध्येच महाराष्ट्र सेवा संघात भरणारे गिरिमित्र संमेलन पाहिले, म्हणजे उपनगरांतील नोकरदार माणसांनी ही संस्कृती किती आस्थेने जोपासली आहे ते ध्यानी येते.

मढच्या बाजूस हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी वाळूचा हिशेब आधी मांडावा. भार वाहण्यास लागणाऱ्या शक्तीचे 1977 साली पँडॉल्फ व त्याच्या सहकाऱ्यांनी बसविलेले गणित डांबरी रस्त्याला 1 हा गुणक देते, तर भुसभुशीत वाळूला 2.1; म्हणजे रस्त्यावर सोसणारे वजन आक्सावर सोसेलच असे नाही. नवशिक्याने आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक भार घेऊ नये. शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी राज्य शासनाने 2015 साली हीच मर्यादा घातली होती, जरी ती दप्तरांना अद्याप पुरती उमगलेली दिसत नाही. जड वस्तू पाठीलगत व खांद्याच्या पातळीजवळ ठेवाव्यात, कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, आणि वजन म्हणून शक्यतो पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. त्या वाटेत रिकाम्या करता येतात. गुडघ्याचे, मणक्याचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा.

भरतीची वेळ पाहून निघावे, आणि आक्साच्या पाण्यात मुळीच उतरू नये. तेथे दरवर्षी माणसे बुडतात. परतताना पाय थकलेच, तर मढ जेट्टीहून मालाड स्थानकाकडे बेस्टची 271 क्रमांकाची बस मिळते. मात्र बसायचे तर सर्वांनी मिळून बसावे.